राक्षसांचे ढोरडागदर

जगातल्या झाडून साऱ्या राक्षसांना मिळून एकच नातेवाईक आहे, तो आमच्या भंडारा जिल्ह्यात दिघोरीला राहतो आणि तो माझ्या आत्याचा नवरा आहे. आत्याच्या नवऱ्याला आम्ही फुपाजी म्हणतो. पडद्यावर घराएवढी पाल शहर तुडवत निघालेली असो, गटारातून बसएवढी गोगलगाय वर येत असो, की एखाद्या शास्त्रज्ञाच्या कानातून हातभर जंत डोकावत असो, बाकीची माणसं जिथं किंचाळतात तिथं आमचे फुपाजी चुकचुकतात. "उपाशी आहे बिचारं," म्हणतात. नाहीतर, "पाय पाहा त्याचा, पाय. टेकवून नाही राहिला. सुजला आहे." हिरोनं बंदूक उचलली की यांचा जीव खालीवर होतो. शेवटी राक्षस मरतो, गाव वाचतं, हिरो हिरोईनला जवळ घेतो, सगळ्यांना हायसं वाटतं, आणि फुपाजी चष्मा काढून बनियनच्या टोकाला पुसत म्हणतात, "मारून टाकलं. एकानं तरी ढोरडागदर बोलावला का? नाही बोलावला."

ढोरडागदर म्हणजे ते स्वतः. नोकरीभर ते सरकारी जनावरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक होते, पण हा हुद्दा कागदावरचा. त्या नावानं कुणी हाक मारली असती तर त्यांनी मागं वळूनही पाहिलं नसतं. लाखांदूर तालुक्यातल्या गावागावांत ते ढोरडागदर म्हणूनच हिंडले आणि निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी कुणाची गाय अडली की अजून त्यांच्याच दाराची कडी वाजते. उंच, काटकुळा माणूस. शर्टाच्या बाह्या बाराही महिने कोपराच्या वर, कारण त्यांची निम्मी कामं कोपरापर्यंत हात आत घालूनच करायची असत. लग्नाच्या फोटोतही बाह्या वर आहेत. आत्या सांगते, "हार घालतानी मले वाटलं, आता हा माणूस माहे दातच मोजते."

राक्षसांशी त्यांची सोयरीक जुळली ती मंडईत. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. दुकानं लागतात, दंडार नाचते, लेकीबाळी माहेरी येतात. फुपाजी तरुण असताना अशाच एका मंडईत, ताडपत्रीच्या तंबूत, भर दुपारी व्हिडिओवर विलायती सिनेमा लागला होता. सिनेमात एक भला मोठा सरडा पूल मोडून गावात शिरतो. बायांनी डोळ्यांवर पदर घेतलेले, पोरं आयांच्या मांडीत तोंड खुपसून बसलेली, आणि सरड्यानं पहिल्या माणसाला तोंडात धरलं नेमक्या त्याच वेळी फुपाजी उभे राहून ओरडले, "अरे, लंगडून राहिला ना तो! खुरी झाली आहे त्याले!" सरड्याला खुरांचा रोग! तंबूभर हशा. मग काय विचारता! सरडा दिसला रे दिसला की कुणीतरी ओरडायचं, "डागदर, सुई मारा!" भीतीचा पार बट्ट्याबोळ झाला. तंबूवाल्यानं हात जोडून सांगितलं, "साहेब, उद्या मात्र येऊ नका." दुसऱ्या दिवशी फुपाजी औषधाची पेटी घेऊन गेले.

पुढच्या साऱ्या पापात मात्र माझा वाटा मोठा आहे. माझं लाखांदूरला झेरॉक्सचं दुकान आहे आणि फुपाजींना सिनेमे पुरवण्याचं काम घराण्यानं माझ्या गळ्यात घातलेलं. आधी सीड्या, मग पेनड्राइव्ह, आता टीव्हीलाच इंटरनेट जोडून दिलंय तरी निवडून मीच द्यायचं. रविवारी एसटीनं दिघोरीला जायचं, आत्याच्या हातचं जेवायचं आणि नवा राक्षस दाखल करून यायचं. त्यांच्या अटीही फार. भूत नको. "ज्याचं टेम्परेचर घेता येत नाही त्याच्यात काय पाहाचं?" चेटकीण नको, शाप नको, झपाटलेली बाहुली तर मुळीच नको. हाडामांसाचं, भूक लागणारं, शेण टाकणारं काहीतरी हवं. त्यातही पोटातला जंत मोठा होऊन माणसाला आतून खातो असलं काही असेल तर त्या दिवशी फुपाजी दोन घास जास्त जेवणार. आणि पाहायची वेळ दुपारची. लोक असले सिनेमे दिवे मालवून पाहतात. फुपाजी जेवण झाल्यावर, दारंखिडक्या सताड उघड्या टाकून, फुल पंख्याखाली, सुपारी कातरत पाहणार. बाहेर शेजारची कोंबडी अंडं दिल्याचं गावभर सांगत असते आणि आत टीव्हीवर कुणाचं तरी आतडं निघत असतं.

आणि ते रजिस्टर! दवाखान्यात असत तसलं, लांबट, लाल कापडी पाठीचं रजिस्टर त्यांनी निवृत्त झाल्यावर बाजारातून विकत आणलं आणि स्वतः पट्टीनं रकाने आखले. तारीख, मालकाचे नाव, जनावराचा प्रकार, वजन, लक्षणे, निदान, उपचार, शेरा. प्रत्येक सिनेमातल्या प्रत्येक राक्षसाची त्यात रीतसर नोंद आहे. मालकाच्या रकान्यात सगळीकडे 'बेवारस'. लक्षणांत, 'माणसे खाते, भिंतीस घासते, डोळे लाल'. निदानात बहुतेक वेळा 'जंत'. कारण फुपाजींचं ठाम मत असं, की जनावर चिडचिडं झालं, अंगावर यायला लागलं, खाऊनही खंगत असलं, तर आधी पोट पाहावं. उपचार ठरलेला: अल्बेंडाझोल, वजनाप्रमाणे. सात मजली कोळ्याचं वजन काढून त्याला किती बादल्या औषध लागेल याचा हिशेब त्यांनी समासात केलेला मी पाहिला आहे. "पाजाचं कसं पण?" मी एकदा विचारलं. "नाळीनं," म्हणाले. बैलाला बांबूच्या नाळीनं औषध पाजतात तसं. "चार माणसं डोकं धरतील, एक पाजील. सिनेमात माणसं कमी असते का? नुसती पळून राहते." शेवटचा रकाना शेऱ्याचा. तीनशेच्या वर नोंदी असतील, आणि त्या साऱ्यांपुढं एकच शेरा, सुवाच्य सरकारी अक्षरात: 'जनावर दगावले. उपचार मिळाला नाही.'

या विद्येची वाटणी ते हात राखून करत नाहीत, हे खरं दुखणं. आंधळगावला आमच्या एका चुलत बहिणीच्या साखरपुड्याला पंगत बसली होती. वरच्या अंगाला व्याही, त्यांच्या शेजारी फुपाजी. वाढप्यानं शेवयांची खीर वाढली. फुपाजींनी एक शेवई बोटानं उचलली, उजेडात धरली आणि मोठ्या प्रेमानं म्हणाले, "अशीच असते पाहा. आतड्यात गुंडाळून राहते. कालच एका सिनेमात होती, पण त्यायनं तिले दात दिले. दात नसते तिले, आकडे असते." व्याह्यांनी वाटी हळूच पानाबाहेर सरकवली. त्यांच्या पलीकडच्यानं सरकवली. बघता बघता पंगतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत खिरीच्या वाट्या रांगेनं बाहेर आल्या. फुपाजींना त्यातलं काही कळलं नाही. "आज खीर कोणी खाऊन नाही राहिलं? मंग मले द्या," म्हणून त्यांनी तीन वाट्या संपवल्या. लग्न झालं, देवाची कृपा.

रोवणीच्या दिवसांत तर त्यांना धानाच्या बांधीवर फिरकू देऊ नये. चिखलात वाकून धान रोवणाऱ्या बायांच्या पायाला जळवा लागतात. कुणी ओरडली की फुपाजी हातात मिठाची पुडी घेऊन हजर, पण मीठ टाकण्याआधी भाषण. "भेऊ नका वं. इतकुशी जळू, पोटभर पेते अन् आपण होऊन सुटते. माणसासारखी जमा करून नाही ठेवत. सिनेमावाल्यायनं फुकट बदनाम केली तिले. दहा डोळे असते जळूले, दहा! अन् सिनेमात दोन दाखवते. शरम नाही लागत." रक्त वाहतंय ती बाई एका पायावर उभी, आणि हे डोळे मोजून दाखवताहेत. शेवटी एक म्हातारी म्हणाली, "डागदर, एवढी आवडते त एक बांधून देऊ का घरी न्याले? डागदरीणबाईले सवत होईल." बायांना हसू आवरेना. फुपाजीही हसले, आणि मग गुपचूप मीठ टाकलं.

आत्या! तिच्याबद्दल सांगितलं नाही तर हे सारं अर्धंच राहील. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्या टीव्हीकडे तोंड करून ती एकाही सिनेमाला बसली नव्हती. तिला भेव लागायचं. तसं ती कबूल करत नसे, म्हणे, "मले काम आहे." पण दुसऱ्या खोलीतही जायची नाही. नवरा सिनेमा लावून बसला की ही त्याच्याच बाजूला, पाटावर, टीव्हीकडे पाठ करून, मांडीवर सूप घेऊन तांदूळ निवडत बसणार. सिनेमा ती नुसता ऐके. मागं कुणी किंचाळलं की हिच्या खांद्याला झटका बसे, सुपातले चार दाणे उडत, आणि मग मान न वळवता ती विचारी, "मेलं काय ते?"

"नाही मेलं. तू तांदूळ निवड."

थोड्या वेळानं पुन्हा, "आता?"

"आता त्याले लागलं आहे."

"आता त मेलं असंल."

"हव. मेलं," फुपाजी म्हणत, आवाज जड करून, आणि आत्या "सुटलो बाप्पा" म्हणून उठे, चहा टाके. इतकी वर्षं दोघांनी मिळून असे सिनेमे पाहिले. एकानं डोळ्यांनी, दुसरीनं पाठीनं.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. एका रविवारी मी पोचलो तेव्हा फुपाजी कुणाच्या गाईकडे गेले होते. आत्या सूप घेऊन बसलेली. वेळ घालवायला मी रजिस्टर उघडलं. मी दिलेल्या सिनेमांच्या नोंदी वाचत, हसत शेवटच्या पानावर आलो, आणि एक नोंद काही केल्या मला आठवेना. जनावराचा प्रकार: नर. वजन: बासष्ट किलो. मला हसू आलं. बासष्ट किलोचा राक्षस असतो का कुठं? बोकडाएवढा राक्षस! असला भिकार सिनेमा मी तर दिलेला नाही. लक्षणे: 'उजव्या बरगडीखाली जड वाटते. खाणे कमी. पाठीवर झोपवत नाही.' पुढं पाहतो तर निदानाचा रकाना कोरा. उपचाराचाही कोरा. तीनशे नोंदींत उपचार कोरा कधी नव्हता. मग माझी नजर मागं मालकाच्या रकान्यावर गेली. तिथं 'बेवारस' लिहिलेलं नव्हतं. तिथं आत्याचं नाव होतं.

माझं हसू तिथल्या तिथं गेलं. "आत्या," मी विचारलं, "फुपाजी जेवते का गं नीट?"

"कमी झालं आहे," ती म्हणाली. "इचारलं त म्हणते, ऊन आहे." आणि मग माझ्या आवाजावरूनच बहुतेक, तिनं मान वळवली. मी नोंद वाचून दाखवली. तिनं सूप खाली ठेवलं. रडली वगैरे नाही. पदर खोचून दारात जाऊन उभी राहिली, आणि फुपाजी फाटक उघडून आत आले तशी म्हणाली, "अजी, एवढ्या राक्षसायले औषध लिहून देता, अन् आपल्यापुरता पेन बंद पडला काय?"

फुपाजी माझ्या हातातल्या रजिस्टराकडे पाहत राहिले. मग ओट्यावर बसले. बाह्या खाली केल्या. मी त्यांना बाह्या खाली केलेलं आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. "वर्ष झालं," म्हणाले. "गाठ आहे. हाताले लागते. कायची आहे तेही मले समजते. कुत्र्याच्या जंतापासून येते. मेलेल्या बकऱ्या-मेंढ्या फाडून पाहिल्या ना म्या, त्यायच्या काळजात असते. पाण्याची गाठ; पाण्यात पिल्लं, पिल्लायच्या आत नातवंडं. आतच फुटली त खेळ खलास." मग म्हणाले, "सिनेमात ते दुसऱ्याच्या पोटात असते बे. मले भेव लागून राहिलं."

पुढं त्यांनी एक अक्षर बोलायच्या आत आत्यानं पिशवी भरायला घेतली होती. भंडाऱ्याला सोनोग्राफी झाली, तिथून नागपूर. मोठ्या डॉक्टरांनी फोटो पाहिले, तेच सांगितलं जे फुपाजी ओट्यावर बसून सांगून चुकले होते. गाठ मोठी आहे, न फोडता काढावी लागेल, फुटली तर जिवावर बेतेल, वेळ घालवण्यात अर्थ नाही. तोवर एक गोळी लिहून देतो म्हणाले. चिठ्ठी फुपाजींनी हातात घेतली, वाचली, आणि पुन्हा वाचली. अल्बेंडाझोल. आता बोला! तीनशे राक्षसांना बादल्या बादल्या लिहून दिलेलं औषध शेवटी त्यांच्याच नावावर आलं. त्यांनी बोटांवर गणित केलं आणि गंभीरपणे म्हणाले, "डोस बरोबर आहे साहेब. वजनाप्रमाणे."

डॉक्टर हसले. "तुम्हीही डॉक्टर का?"

"हव. पण माहे पेशंट बोलत नाही. म्हणून मी गप होतो."

ऑपरेशनची तारीख महिन्याभरानंतरची मिळाली आणि त्या महिन्यात फुपाजींच्या अंगणात जत्रा लोटली. ज्यांच्या गाईम्हशी त्यांनी वाचवल्या ती सगळी माणसं येऊन बसायची. "डागदर, पोटातच पिक्चर लागला म्हणते?" "हव. हाऊसफुल आहे. तुम्हाले जागा नाही." सगळे हसत, फुपाजी सगळ्यांपेक्षा मोठ्यानं. गाठीला त्यांनी भाडेकरू म्हणायला सुरुवात केली. जेवायला बसले की म्हणत, "अर्धी भाकर भाडेकरूची." माणसं गेली की मात्र हात उजव्या बरगडीखाली जायचा आणि तिथंच राहायचा. मी समोर असलो की माझ्यावर उगाच खेकसायचे, की तू मोठ्या सोंडेचा सिनेमा आणणार होता, काहून नाही आणला. मला राग यायचा आणि रडूही. पण रडणार कुठं? आत्या बघत होती.

नागपूरला जायच्या आदल्या दुपारी मी त्यांच्या आवडीचा सिनेमा लावून दिला. तलावातली रेड्याएवढी जळू. त्यांनी तो आधी दोनदा पाहिलेला होता. मी टीव्ही सुरू केला, फुपाजी खुर्चीत टेकले, आत्या नेहमीप्रमाणे पाट घेऊन आली, आणि तिनं पाट फिरवून मांडला. टीव्हीकडे तोंड करून. सूप आणलंच नाही. फुपाजींनी तिच्याकडे पाहिलं. "काय वं? भेव लागंल."

"लागू द्या," ती म्हणाली आणि त्यांचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला.

जळू पाण्यातून वर आली. आत्यानं डोळे मिटले नाहीत. दात आवळून, नवऱ्याचा हात पिरगाळत, ती सारं सारं पाहत होती. बोटी उलटल्या, माणसं गिळली गेली. अर्ध्या सिनेमावर तिनं एकदम विचारलं, "अजी, एवढं मोठं लेकरू, याची माय कुठं आहे?"

फुपाजी गडबडले. तीनशे राक्षस तपासलेला माणूस, पण हा प्रश्न त्यांच्या डोक्यात कधी आलाच नव्हता. "जळूत नर-मादी अलग नसते," ते पुस्तकातलं सांगू लागले. "जे माय तेच बाप."

"म्हणजे माय त आहेच ना!" आत्या म्हणाली. "मंग ते मायले धुंडून राहिलं असंल. अन् हे लोक मारून राहिले." शेवटी हिरोनं तलावात तेल ओतून आग लावली आणि जळू जळून गेली, तेव्हा फुपाजींनी चष्मा काढायच्या आधी आत्याचा पदर डोळ्याला लागला होता. "काहून मारलं वो बिचाऱ्याले?" इतक्या वर्षांत फुपाजींना राक्षसाच्या बाजूनं बोलणारं दुसरं माणूस पहिल्यांदा मिळालं, आणि तेही असं, आदल्या दिवशी.

त्यांनी रजिस्टर मागवलं. मला वाटलं जळूची नोंद करतील. त्यांनी आपलीच उघडली. निदान लिहिलं, उपचार लिहिला, आणि रजिस्टर आत्यापुढं धरलं. "शेरा तू लिहिजो. जे होईल ते. माह्या रजिस्टरात रकाना कोरा नाही राहत."

"मले तुमचं सरकारी नाही येत."

"दोनच त शब्द असते."

"मी दोन लिहीन नाही त वीस लिहीन. तुम्ही पडा उलसाक," आत्या म्हणाली, आणि रजिस्टर हिसकून घेऊन आत गेली. आत ती बराच वेळ होती. मी काही गेलो नाही.

ऑपरेशन लांबलं. दवाखान्याच्या बाकावर आत्या प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं ते रजिस्टर छातीशी धरून बसली होती. मी चहा आणला, तो गार झाला, दुसरा आणला, तोही झाला. अखेरीस डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, गाठ अख्खी निघाली, थेंब सांडला नाही. आत्यानं त्यांना वाकून नमस्कार केला आणि त्यांच्याकडेच पेन मागितला.

दोन दिवसांनी फुपाजी बसते झाले तसे म्हणाले, दाखवा. आयुष्यभर पडद्यावर पाहिलं, आता स्वतःचं पाहू द्या. परिचारिकेनं बरणी आणून समोर धरली. आणि सांगतो तुम्हाला, आतडी, कोळी, कानातले जंत सुपारी कातरत पाहिलेल्या त्या माणसानं गच्च डोळे मिटले. "आहे काय?" विचारलं. आत्यानं बरणी हातात घेतली, खिडकीशी नेली, तांदूळ निवडताना बघते तशी निरखून पाहिली. "काही नाही जी," म्हणाली. "साबुदाण्यावानी आहे."

"मंग एकादशीले चालते," फुपाजी डोळे मिटूनच म्हणाले. परिचारिका बरणी घेऊन पळाली, आणि आम्ही तिघं इतकं हसलो की टाके दुखतात म्हणून त्यांचं हसणं आवरायला डॉक्टरांना बोलवावं लागलं.

घरी आल्यावर मी रजिस्टर पाहिलं. त्यांच्या नोंदीपुढं शेऱ्याच्या रकान्यात आत्याचं वाकडंतिकडं अक्षर, रकान्याबाहेर सांडलेलं: 'जनावर घरी आनले. खाते. बडबड कायम आहे.' वरपासून खालपर्यंत दगावलेल्यांच्या रांगेत तेवढं एक घरी आलेलं.

आता फुपाजी बरे आहेत. गावातल्या एकूण एक कुत्र्याला त्यांनी धरून जंताची गोळी चारली. कुत्री त्यांना पाहिलं की रस्ता बदलतात. माणसांना रस्ता बदलता येत नाही, त्यांना हात धुण्यावर भाषण ऐकावं लागतं. थोडे वाकले आहेत, बाह्या पुन्हा वर चढल्या आहेत. आणि सिनेमे चालू आहेत. फक्त बसण्यात फरक पडला. आत्याचा पाट आता कायमचा टीव्हीकडे तोंड करून असतो, आणि शेवटची दहा मिनिटं आली, आग, बंदुका, आरडाओरडा सुरू झाला, की फुपाजी डोळे मिटून घेतात. म्हणतात, चष्म्याचा नंबर वाढला.

मागच्या रविवारी त्यांनी तोच जळवेचा सिनेमा लावायला सांगितला. कोंबडी बाहेर ओरडत होती, पंखा फुल होता. हिरोनं तलावात तेल ओतलं. फुपाजींनी डोळे मिटले आणि आत्याचा हात चाचपून धरला. टीव्हीवर पाणी पेटलं. जळू एकदा वर आली, वळवळली, आणि काळी होऊन बुडाली.

"मेलं काय ते?" फुपाजींनी विचारलं.

आत्या पडद्याकडे पाहत होती. तिच्या गालावरून पाणी ओघळत होतं, आणि आवाज मात्र ठणठणीत होता. "नाही जी. खालून खालून पोहत गेलं. मायजवळ."

फुपाजींनी डोळे उघडले, रजिस्टर ओढून घेतलं, पानं उलटत जळवेची जुनी नोंद काढली. हा सिनेमा ते चौथ्यांदा पाहत होते. त्यांनी पट्टी लावून 'जनावर दगावले' वर सरळ रेघ मारली, आणि खाली, आत्या म्हणाली होती तसंच, शब्दाला शब्द लिहून घेतलं.